नरहरीकाकांचं दाढीनंतरचं पाणी

आमचे हे दाढी करून न्हाणीघरातून बाहेर आले की अजूनही दाराशी क्षणभर गाल पुढे करून उभे राहतात. आता आम्ही लातुरात राहतो. इथं सकाळच्या पारी दारात येऊन कोणी कोणाचे गाल तपासत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण परभणीत आमच्या गल्लीतली जी जी पुरुषमंडळी नरहरीकाकांच्या तावडीत सापडली, त्यांना ती खोड लागली ती लागलीच. मी हसते, हे चिडतात, आणि मग काकांचा विषय निघतो. तो निघाला की चहाचा दुसरा कप ठरलेला.

काका म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मूळचे पोखर्णीचे, नृसिंहाच्या गावचे, म्हणून नाव नरहरी. उंच, हाडापेराने मजबूत, चालताना दोन्ही हात असे जरा पुढे धरलेले, की वाटावं स्टिअरिंग डेपोत जमा करायचं विसरूनच निवृत्त झालेत. त्यांचं घर आमच्या बरोबर समोर. माझं शिवणाचं मशीन खिडकीला लावलेलं, त्यामुळे त्यांचं अंगण दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे. लोक म्हणायचे, हिला गल्लीतलं सगळं कसं ठाऊक असतं. आता डोळे मिटून ब्लाऊज शिवता येत नाहीत, त्याला मी काय करू?

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. काका गालाकडे बघायचे. आधी नुसतं निरखायचं, मग न विचारता उजव्या हाताची उलटी बोटं गालावरून फिरवायची, आणि निकाल द्यायचा. उलटा हात मारलास. पाणी गार होतं. ब्लेड बदल की, काय वाडवडिलांची इस्टेट हाय का ती. समोरचा ओळखीचा असलाच पाहिजे असं काही नव्हतं. पेन्शन काढायला बँकेत गेले, तर खिडकीतून हात आत घालून कॅशियरच्या गालाला बोट लावून आले. कमलकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्या दिवशी लाजेनं अर्ध्या झाल्या. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बिचाऱ्याच्या मानेवर पुरळ आलं होतं, कोणी सांगणार का नाही त्याला, असं त्यांचं म्हणणं.

दाढीचं ते गाडीच्या भाषेत बोलायचे. गाल म्हणजे सरळ रस्ता, तिथं कोणीही चालवतो. हनुवटी म्हणजे घाट, तिथं गिअर बदलायचा. आणि नाकाखाली आलं की हॉर्न न वाजवता गुमान निघायचं. नोकरीत असताना मुक्कामी गाडी घेऊन जायचे तेव्हा ताडकळसला सकाळी गाडीच्याच आरशात बघून दाढी करायचे, बॉनेटवर तांब्या ठेवून. खिशात तुरटीचा खडा. झाली दाढी की खडा फिरवायचा आणि पहिली फेरी सोडायची. इतकं साधं प्रकरण होतं ते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं एक निळी बाटली भेट दिली, आणि तिथून पुढं सगळं बिघडलं. किंवा घडलं म्हणा.

काकांनी त्या बाटलीतलं पाणी डोक्याला तेल चोपडावं तसं ओंजळभर घेतलं आणि ताज्या दाढीवर दोन्ही गालांना फासलं. पुढचा आवाज मी मशीन चालू असताना ऐकला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. कमलकाकू हातात उलथणं घेऊन धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं सापच निघाला. काका अंगणातल्या हौदात तोंड खुपसून बसलेले. पुतण्या हसत म्हणाला, काका, झोंबतं म्हणजे ते काम करायलंय. हौदातून तोंड बाहेर काढून काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की पोराचं हसूच गेलं.

"झोंबतं म्हंजी काम करतं, हे कुणी सांगितलं रं तुला? मग मिरची लाव की. लय काम करंल."

तेव्हापासून माणसाच्या गालाला न झोंबणारं काहीतरी करायचं, हा त्यांचा ध्यास झाला. आणि काकांचा ध्यास म्हणजे काय, एकदा गाडी डेपोतून निघाली की निघाली.

गच्चीवर कोरफड आली. अंगणात गावरान गुलाब आला. कोरफडीचं पान कापलं की ते आडवं ठेवायचं नाही, उभं करून ठेवायचं. त्यातून पिवळा चीक गळतो, तो सगळा गळू द्यायचा, कारण खाज त्याच्यात असते. ही गोष्ट काकांना स्वतःची मान सुजल्यावर कळली. मग पान धुवायचं, सोलायचं, गर मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यानं गाळायचा. गुलाबपाणी ते घरीच काढायचे. पातेल्यात पाकळ्या आणि पाणी, मधोमध वाटी, वर उलटं झाकण, झाकणावर बर्फ. वाफ झाकणाला लागून थेंब थेंब वाटीत पडायची, आणि काका त्या पातेल्यापुढे मांडी घालून असे बसायचे की सत्यनारायणाला लोक काय बसतील. मग वाळ्याचं पाणी, मेडिकलमधलं ग्लिसरीन थोडंसं, चिमूटभर तुरटी आणि कणभर भीमसेनी कापूर. कापूर ही त्यांची खास मेहेरबानी. त्यानं गालाला गारवा यायचा. तो गारवा आला की माणसाचे डोळे आपोआप मिटायचे, आणि डोळे मिटले की काकांचा चेहरा फुलायचा.

त्यांना कौतुकाची लय हौस. खोटं कशाला बोलू, ह्या बाबतीत काका लहान पोराच्या वरताण होते. पाणी लावून दिलं की समोर उभे राहणार. कसं वाटलं? बरं वाटलं म्हटलं तर भागायचं नाही. बरं म्हणजे कसं बरं? गार का मऊ? कालच्यापेक्षा बरं का नाही? आमचे हे ऑफिसला जायच्या घाईत असायचे, पण काकांच्या बाटलीची तोंडभर तारीफ केल्याशिवाय गेटातून सुटका नव्हती.

कमलकाकूंचा संताप फ्रिजवर. वरचा कप्पा दुधाचा होता तो बाटल्यांचा झाला. एकदा त्यांच्या माहेरून आलेल्या भावानं वाळ्याचं सरबत समजून अर्धी बाटली घशाखाली घातली. तुरटीनं त्यांचं तोंड असं आवळलं की दुपारी जेवायला बसले तरी मुका घेतल्यासारखे ओठ पुढे. काकू म्हणाल्या, माझ्या केसाला ह्या माणसानं कधी तेलाचं बोट लावलं न्हाई, आन् गल्लीच्या गालाची सेवा करायलाय. पण फडक्यानं गाळायचं काम त्याच करायच्या. दुसऱ्या कोणी गाळलेलं त्यांना पटायचं नाही.

आता दौलतकाकांबद्दल सांगायला पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय नरहरीकाका पुरे होत नाहीत. काकांच्या घराला लागून त्यांचं घर. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत होती. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगी स्वाती. माणूस देखणा. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा सदरा, कातरून सारखी केलेली मिशी, गाल कायम गुळगुळीत. मोंढ्यातून चालत निघाले की माणसं वळून बघायची, आणि वळून बघतात हे त्यांना ठाऊक असायचं. दोघांची दोस्ती जुनी आणि दोघांचं भांडण रोजचं. सोयाबीनचा भाव, क्रिकेट, पाऊस, कशावरही. गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांनी काकांचं पाणी लावलं, एकट्या दौलतकाकांनी लावलं नाही. बापड्यांनो, तुरटीचा खडा असताना हे नाटक कशाला, असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. काकांना ते फार लागायचं. दहा जणांनी वाहवा केली तरी अकराव्या दौलतनं एकदा चांगलं म्हणावं, ह्यासाठी त्यांचा जीव टांगलेला असायचा.

आणि नेमकं दौलतकाकांपुढेच त्यांचं हसं झालं.

त्याचं असं झालं की काकांच्या डोक्यात हळद शिरली. हळद जखमेला चांगली, मग दाढीला वाईट कशी असेल? बाटलीत हळद पडली. त्या दिवशी आमच्या गल्लीतली मंडळी नळाच्या पाण्याचं निवेदन द्यायला निघालेली. नवी आवृत्ती म्हणून काकांनी सगळ्यांना घरी बोलावून गाल माखून दिले. आमच्याकडे पाणी बोअरचं, जड. साबण अंगावरून धड निघतच नाही, दाढीचा फेस धुतला तरी कानाखाली राहतोच. रिक्षा वसमत रोडला लागेपर्यंत एकेकाचे गाल लाल व्हायला लागले. गुलाबी नव्हे, लालभडक, कुंकू फासावं तसे. आपापले गाल कोणाला दिसत नव्हते, दुसऱ्याचे दिसत होते. पण समोरचा वयानं मोठा, त्याला कसं सांगावं म्हणून जो तो गप्प. तसेच ओळीनं पाणीखात्याच्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी निवेदनाच्या आधी रंगपंचमी लवकर आली का म्हणून विचारलं. त्या सगळ्यांत एकच गोरा गाल होता, दौलतकाकांचा, आणि ते हसून हसून टेबलाला धरून उभे होते.

घरी आल्यावर कमलकाकूंनी कपाळावर हात मारला. हळदीला साबण लागला की लाल होतं, हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुंकू कसं करतात ते बघितलं न्हाई का कधी? मग सगळ्यांनी अंगणात बसून गालाला लिंबं चोळली. नळाला पाणी मात्र त्या आठवड्यात भरपूर आलं. काकांनी त्याचंही श्रेय घेतलं. दौलतकाका पुढे कितीतरी महिने रस्त्यात काका दिसले की नुसता स्वतःच्या गालाला हात लावायचे आणि पुढे जायचे.

हा सगळा हसण्याखिदळण्याचा काळ. मग एका सकाळी दौलतकाकांच्या अंगावरून वारं गेलं.

वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. हळूहळू काठी धरून चालायला लागले. पण डाव्या बाजूचं तोंड खाली ओघळलं ते तसंच राहिलं, बोलणं जड झालं, आणि डाव्या गालाची जाणीव गेली. न्हाव्याला घरी बोलावलं होतं, तर सुटलेल्या कातडीला वस्तरा लागला. दौलतकाकांना कळलंच नाही. रक्त सदऱ्यावर पडल्यावर दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी न्हाव्याला दार बंद केलं, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दाढी वाढू दिली. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग.

स्वातीचं लग्न त्याआधीच ठरलेलं होतं, ताडकळसच्या चांगल्या घरात. तारीख जवळ यायला लागली तसं दौलतकाकांनी अडखळत सांगून टाकलं, कन्यादान तिचे चुलते करतील, मी मांडवात येणार नाही. वाकडं तोंड घेऊन व्याह्यांच्या गळ्यात पडायचं आणि चार लोकांनी कीव करायची, हे त्यांना सोसणार नव्हतं. स्वातीनं समजावलं, रडली, शेवटी चिडली. तिचे लग्नाचे ब्लाऊज माझ्याकडे होते. मापाला आली तेव्हा हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, वैनी, शिवू नका. बाबा नसतील तर मला लग्नच करायचं नाही. मी टेप घेऊन तशीच उभी राहिले.

नरहरीकाका अंगणातून हे ऐकत होते. ते घरात गेले, दाढीचा डबा घेतला, फ्रिजमधली ठेवणीतली बाटली घेतली आणि दौलतकाकांच्या घरात शिरले. स्वाती आणि मी मागोमाग. आतून आधी दोघांच्या भांडणाचा आवाज आला. मग भांडण थांबलं आणि वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज आला. काकांनी ओघळलेला गाल डाव्या हातानं वर उचलून धरला आणि अगदी सावकाश वस्तरा फिरवला. कुठं खरचटलंसुद्धा नाही. मग मोठ्या दिमाखात बाटली उघडून कापराचं गारेगार पाणी दोन्ही गालांना लावलं आणि नेहमीसारखे समोर उभे राहिले. कसं वाटलं?

दौलतकाकांनी उजव्या हाताचा एक फटका मारून बाटली उडवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"इकडं गार लागायलंय. तिकडं काहीच न्हाई. रोज हेच दाखवायला येणार का तू मला?"

काका खाली वाकले, फुटलेल्या काचा एकेक करून वेचल्या आणि घरी गेले. त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. माणूस अंगणातल्या गुलाबापुढे नुसता बसून होता. मला पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं. ज्या गारव्यासाठी त्यांनी आजवर गल्लीला बेजार केलं, तोच गारवा त्यांच्या दोस्ताला सांगत होता की तुझं अर्धं तोंड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि त्यांनी बाटलीतून एकेक जिन्नस काढायला सुरुवात केली. कापूर गेला. तुरटी ताज्या गालावर बारीक चुणचुण करते, ती गेली. वाळा गार, तो गेला. गुलाबपाणी गेलं तेव्हा कमलकाकूंनाच वाईट वाटलं. जवस उकळून त्याचा बुळबुळीत चिकट रस गाळून घेतला, त्यात कोरफडीचा गर दोनदा गाळून, आणि करडीच्या तेलाचे मोजके थेंब. वास नाही, रंग नाही. फ्रिजमध्ये ठेवलं की गार होणार, आणि गार झालं की उजव्या गालाला कळणार, म्हणून फ्रिजही बंद. रोजचं रोज ताजं करायचं आणि बाटली बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायची, म्हणजे ते ना गार ना गरम, अंगाच्याच उबेचं.

चाचणी आमच्या ह्यांच्यावर. रोज सकाळी दाढी झाली की काका दारात. डोळे मीट. काय लागतंय? हे म्हणायचे, मस्त वाटतंय काका. काका हिरमुसून परत जायचे. जिन्नस कमीजास्त करायचे. काय लागतंय? थोडं गार. परत जायचे. आयुष्यभर तारीफ ऐकायला टपलेला माणूस, आणि आता कोणी चांगलं म्हटलं की त्याचं तोंड पडायचं. शेवटी एक दिवस आमचे हे डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, काका, लावा की आता. काकांनी केव्हाच लावलं होतं. त्यांनी ह्यांना अशी मिठी मारली की ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टाचं भजं झालं.

दौलतकाकांचा राग बाटलीवर होता, काकांच्या वस्तऱ्यावर नव्हता, त्यामुळे दाढीला त्यांनी नाही म्हटलं नाही. पण हाताचं काय करणार? बोटं तर एकाच गालाला कळणार. त्यावर काकांनी त्यांच्या स्वभावातलाच इलाज काढला. दाढी झाली की ते मुद्दाम भांडण उकरून काढायचे. मोंढ्यातले अडते शेतकऱ्याला कसे नाडतात, हा विषय काढला की दौलतकाका आजारपण विसरून पेटून उठायचे. जड जिभेनं, थुंकी उडवत, एकेक शब्द ओढत भांडायचे. त्या गडबडीत काका दोन्ही हातांनी दोन्ही गालांना एकाच वेळी लावून मोकळे. दाढी रोज व्हायला लागली. लग्नाचा विषय काकांनी एकदाही काढला नाही. स्वाती कळकळून विचारायची, तर म्हणायचे, सबूर.

एक दिवस मी स्वातीला ब्लाऊजला लावायचे काठ दाखवायला गेले होते. भांडण ऐन रंगात आलेलं. दौलतकाका मध्येच थांबले.

"लावलंस?"

"कवाच."

दौलतकाकांनी उजव्या हातानं आधी उजवा गाल चाचपला, मग डावा. मग मला म्हणाले, आरसा आण. मी स्वातीकडे बघितलं. तिनं भिंतीकडे फिरवलेला आरसा आणून दिला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी स्वतःला बघितलं. गाल तर चकचकत होते, आजाराआधीही मी इतके तुकतुकीत पाहिले नव्हते. पण तोंड वाकडं ते वाकडंच. ते खूप वेळ बघत राहिले आणि मग चिडून म्हणाले, मिशी वाकडी कापलीस.

आम्ही दोघी गार. इतके दिवस त्या घरात वाकडं हा शब्दच कोणी उच्चारत नव्हतं. काकांनी ब्रश धुता धुता मान वर केली.

"मिशी सरळ हाय रं. तोंड वाकडं हाय तुजं."

स्वातीनं ओढणी तोंडावर धरली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा खोलीबाहेर येणार नाही. दौलतकाका आरशात बघत होते. त्यांचा उजवा ओठ हलला, मग खांदे हलले, आणि ते हसायला लागले. हसू निम्म्याच तोंडावर होतं, पण आवाज पुरा होता, जुना, मोंढ्यात ऐकू जायचा तसा. काका हसले, मी हसले, स्वाती हसता हसता रडायला लागली. हसणं ओसरल्यावर दौलतकाकांनी तिला विचारलं, माझा पांढरा सदरा कुठंय? इस्त्रीला दे.

मी त्या रात्री ब्लाऊजच्या बाह्या कापल्या.

लग्न परभणीतच, कार्यालयात. मे महिन्याचं ऊन, पंखे गरम वारा फेकत होते. पहाटे कार्यालयाच्याच एका खोलीत काकांनी दौलतकाकांची दाढी केली. मिशीवर दोघांचा वाद झाला, तो दाराबाहेर वऱ्हाडाला ऐकू जात होता. मग पांढरा सदरा, फेटा, हातात काठी. एका बाजूनं स्वातीचे चुलते, दुसऱ्या बाजूनं काका. दौलतकाका दारातून आत आले तेव्हा बायकांची कुजबुज थांबली. लोक बघत होते. बघणारच. त्यांची मान खाली गेली नाही, पण काठीवरची बोटं पांढरी पडलेली मला दिसली.

खरी कसोटी व्याहीभेटीची. व्याह्यांना फेटा बांधायचा, हार घालायचा आणि सगळ्या मांडवासमोर दोन्ही बाजूंनी गळाभेट घ्यायची. फोटोवाला पुढे, पोरं खुर्च्यांवर चढलेली. ह्याच एका घटकेपायी दौलतकाका लग्नाला येत नव्हते. ताडकळसचे व्याही रांगडे गृहस्थ, उन्हानं करपलेले, घाईत केलेल्या दाढीनं गालावर दोनतीन ठिकाणी कापलेलं. ते पुढे आले. उजवीकडून भेटले. डावीकडून भेटले, गालाला गाल लागला, आणि तिथंच थांबले. मागे सरून दौलतकाकांचं तोंड निरखून बघायला लागले. स्वातीनं नवरीच्या खोलीतून मान बाहेर काढलेली. माझ्या शेजारी नरहरीकाका उभे होते.

"व्याहीबुवा, गालाला काय लावता वो तुमी? आमच्या तर सकाळपासून आग आग व्हायलीय."

मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. व्याहीही हसले, पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं, ते वाट बघत उभे होते. आजारी पडल्यापासून दौलतकाका परक्या माणसापुढे एक शब्द बोलले नव्हते. तोंडातून लाळ येते म्हणून लाजायचे. त्यांनी रुमालानं ओठ टिपले. काठी दुसऱ्या हातात घेतली. मग मोकळा झालेला उजवा हात वर करून, सगळ्या वऱ्हाडावरून, थेट काकांकडे बोट दाखवलं.

"आमचा नरहरी करतो," ते म्हणाले. शब्द ओढत म्हणाले, पण मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हटलं, आता काका छाती फुगवणार, कोरफडीपासून करडीपर्यंत सगळं सांगणार, आणि मुहूर्त टळणार. काकांनी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले,

"ऐकलंस ना सूनबाई? करतो म्हणला. चांगलं करतो म्हणला का? न्हाई म्हणला."

आणि बंडीच्या आतल्या खिशातून बाटली काढून, गर्दीतून वाट काढत, ताडकळसच्या व्याह्यांचे गाल बघायला निघून गेले.